‘सेंद्रिय’ या शब्दाचा प्रवास: उकिरड्यापासून पाकिटावरच्या शिक्क्यापर्यंत

सेंद्रिय गूळ, सेंद्रिय तूरडाळ, सेंद्रिय हळद, आणि आता सेंद्रिय बिस्किटंसुद्धा. दुकानात यांची फळी वेगळी असते आणि किंमतही वेगळी, कधी दीडपट तर कधी दुप्पट. दवाखान्यात याबद्दल दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. पहिला प्रश्न असा: ‘डॉक्टर, सेंद्रिय खाल्लं तर आजार टळतात का?’ दुसरा मला जास्त काळजीचा वाटतो: ‘सेंद्रिय परवडत नाही आणि साध्या भाज्यांवर औषधं फार मारतात. मग पालेभाज्या बंदच करू का?’

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सोपं नाही. पण हा शब्द कुठून आला, कुणी कशासाठी वापरला आणि त्याचा अर्थ कसा सरकत गेला हे समजलं, तर पाकिटावरचा शिक्का नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल. म्हणून आज थोडा इतिहास.

एक शब्द, तीन अर्थ

‘सेंद्रिय’ म्हणजे स-इंद्रिय, इंद्रियं असलेलं, थोडक्यात सजीव. हा झाला मूळ अर्थ. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. त्या हिशेबाने डीडीटी हे सेंद्रिय रसायन आहे आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली जहाल कीटकनाशकंही सेंद्रियच आहेत! तिसरा अर्थ बाजारातला: रासायनिक खतं आणि कृत्रिम कीटकनाशकं न वापरता पिकवलेलं.

शेतीच्या संदर्भात हा शब्द रूढ झाला तो पहिल्या अर्थाने. लॉर्ड नॉर्थबोर्न या इंग्रज शेतकऱ्याने १९४० साली ‘लुक टू द लँड’ या पुस्तकात ‘ऑरगॅनिक’ शेतीची कल्पना मांडली. शेत हा एक सजीव देह आहे. माती, पिकं, जनावरं आणि माणूस हे त्याचे अवयव आहेत. एका अवयवाला धक्का लागला की तो साऱ्या देहाला जाणवतो, असं त्याचं म्हणणं होतं. ‘केमिकल नाही’ एवढाच तो अर्थ नव्हता.

इंदूरचं खत

नॉर्थबोर्नच्या आधीच या विचाराची पायाभरणी झाली होती, आणि ती आपल्याकडे झाली. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत आला. इथल्या शेतकऱ्यांना आधुनिक शेती शिकवणं हे त्याचं काम. पण स्थानिक शेतकरी काय करतात हे तो बघत गेला आणि आपले खरे गुरू हे शेतकरी आणि पिकांवरच्या किडी आहेत, असं पुढे स्वतःच लिहून गेला. त्याची पत्नी गॅब्रिएल हीदेखील वनस्पतिशास्त्रज्ञ होती. दोघांनी बरंच काम मिळून केलं.

१९२४ पासून इंदूरला, होळकर संस्थानात, हॉवर्डने नवी संस्था उभारली. काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, ठरावीक दिवसांनी ढीग पलटायचा, आणि साधारण तीन महिन्यांत काळंभोर कुजलेलं खत तयार. कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांना ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवतात ती हीच. यावरचं पुस्तक १९३१ साली निघालं. त्यावर हॉवर्डबरोबर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय चळवळीच्या मुळाशी असलेल्या या पुस्तकावरचं हे नाव आज आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

इथपर्यंत सगळं मातीबद्दल होतं. पण हॉवर्ड पुढे गेला. निरोगी मातीतला चारा खाणाऱ्या आपल्या बैलांनी शेजारच्या लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावरांच्या नाकाला नाक लावलं, तरी त्यांना तो रोग झाला नाही, असं त्याने नोंदवलं. त्यावरून त्याने मांडलं की निरोगी मातीतून निरोगी पीक, त्यातून निरोगी जनावर आणि निरोगी माणूस घडतो. १९४० च्या ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या पुस्तकाचा हाच गाभा आहे.

आता डॉक्टर म्हणून मी इथे थांबतो. कुजलेल्या खताने जमिनीचा पोत सुधारतो, पाणी धरून राहतं, गांडुळं वाढतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. बैलांची गोष्ट मात्र निरीक्षण आहे, प्रयोग नाही. तशाच दुसऱ्या बैलांना वेगळा चारा देऊन तुलना केलेली नव्हती. मातीसाठी भक्कम असलेला पुरावा शरीरासाठीही भक्कम आहे असं गृहीत धरण्याची सवय इथूनच सुरू झाली, आणि ती अजून मोडलेली नाही.

कुन्नूरचे उंदीर

त्याच काळात नीलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन हा लष्करी डॉक्टर आहारावर संशोधन करत होता. त्याने उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचा आहार दिला. कणकेची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाज्या असा शीख आहार घेणारे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. पठाणी आणि मराठी आहारावरचे उंदीरही पहिल्या तिघांत होते. पॉलिश केलेल्या तांदळाचा भात जास्त आणि दूध-भाज्या कमी असलेल्या आहारावरचे उंदीर सर्वांत किरकोळ. दुसऱ्या एका प्रयोगात त्याने इंग्लंडमधल्या गरीब कामगारांचा आहार दिला: पांढरा पाव, मार्गरीन, जाम, गोड चहा. ते उंदीर खुरटले, आजारी पडले आणि एकमेकांना चावू लागले.

सेंद्रिय चळवळीने हे प्रयोग डोक्यावर घेतले. १९३९ साली इंग्लंडच्या चेशायर परगण्यातल्या सुमारे ६०० डॉक्टरांच्या वतीने एक जाहीरनामा निघाला. आपले रुग्ण निकृष्ट आहारामुळे आजारी पडतात असं त्यात म्हटलं होतं. तो मांडला त्या सभेत मॅककॅरिसन आणि हॉवर्ड शेजारी शेजारी बोलले.

पण नीट पाहा. कुन्नूरच्या या आहार-प्रयोगात फरक कशाचा होता? पूर्ण धान्य की पॉलिश केलेलं, दूध-भाजी आहे की नाही, याचा. गव्हाला शेणखत घातलं होतं की रासायनिक खत, हा प्रश्नच त्यात नव्हता. म्हणजे ताटात काय आहे याचा पुरावा शेतात काय घातलं याच्या खात्यावर जमा झाला. आज सेंद्रिय मैद्याचं बिस्किट ‘हेल्दी’ म्हणून विकलं जातं, तेव्हा हाच गोंधळ पुन्हा होत असतो.

हे सिद्ध करायचा प्रामाणिक प्रयत्नही झाला. लेडी ईव्ह बाल्फोर यांनी १९३९ पासून सफोकमधल्या हॉली गावी शेताचे भाग पाडून शेजारी शेजारी तुलना सुरू केली. १९४३ साली त्यांचं ‘द लिव्हिंग सॉइल’ प्रसिद्ध झालं आणि १९४६ साली सॉइल असोसिएशन स्थापन झाली. ही तुलना काही दशकं चालली. मातीतले फरक दिसले, पण सेंद्रिय अन्न खाल्ल्याने आरोग्य सुधारतं असा निर्णायक पुरावा त्यातून मिळाला नाही.

शेतात ‘औषध’ आलं

मग चित्र बदललं ते कीटकनाशकांमुळे. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्युलरने शोधला आणि १९४८ साली त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते उगाच नव्हतं: डीडीटीने हिवताप आणि टायफसपासून असंख्य जीव वाचवले. पण युद्धानंतर तेच रसायन पिकांवर बेसुमार पडू लागलं. १९६२ साली रेचेल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं आणि पक्षी, मासे व माणसाची चरबी यांत हे विष कसं साठत जातं ते सर्वसामान्यांना कळलं. अमेरिकेने १९७२ साली शेतीतला डीडीटी बंद केला, भारताने १९८९ साली. आपल्याकडे डासांच्या नियंत्रणासाठी त्याला परवानगी राहिली.

भारताला धडा त्याआधीच मिळाला होता. १९५८ साली केरळात गव्हाचं पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. वाहतुकीदरम्यान त्या धान्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलं होतं. त्यानंतर झालेल्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला.

याच दशकात दुष्काळ आणि अन्नटंचाईने देश हैराण होता. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आलं आणि हरितक्रांती सुरू झाली. तिने उपासमार टळली, हे विसरून चालणार नाही. पण त्या बियाण्याबरोबर युरिया आला आणि फवारणीचा पंपही. आपला शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. तो शब्दच इतका निरागस आहे की हातमोजे न घालता ते कालवलं जातं.

त्याची किंमत कोण मोजतं? कासारगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या गावांतल्या मुलांच्या व्यंगांची आणि आजारांची प्रकरणं देशभर गाजली, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले आणि किमान वीस जण दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, तोंडाला फार तर रुमाल.

म्हणून मी नेहमी सांगतो, कीटकनाशकाचा सर्वांत मोठा डोस तुमच्या ताटात येत नाही. तो फवारणाऱ्याच्या कातडीतून आणि श्वासातून जातो. सेंद्रिय शेतीचा आरोग्याला सर्वांत ठळक फायदा कुणाला होत असेल, तर तो पिकवणाऱ्याला.

शिक्का जन्माला येतो

१९७० नंतर युरोप-अमेरिकेत सेंद्रिय मालाला गिऱ्हाईक मिळू लागलं, आणि त्याबरोबर खोटा मालही आला. ‘हे सेंद्रिय आहे’ असं कोण सांगणार? मग शेतकऱ्यांच्या संघटनांनी स्वतःचे नियम लिहिले, पुढे सरकारं आली. युरोपात १९९१ साली कायदा झाला. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला, पण नियमांचा मसुदा १९९७ साली निघाला, तेव्हा त्यात जनुकीय बदल केलेलं बियाणं, किरणोत्सर्गाची प्रक्रिया आणि सांडपाण्याचा गाळ यांनाही जागा होती. दोन लाखांहून अधिक हरकती आल्या आणि तिन्ही गोष्टी वगळाव्या लागल्या.

डिसेंबर २००० मध्ये अंतिम नियम जाहीर करताना अमेरिकेचे कृषिमंत्री डॅन ग्लिकमन यांनी स्पष्ट सांगितलं की हे लेबल विक्रीचं साधन आहे. अन्न जास्त सुरक्षित किंवा जास्त पौष्टिक आहे असा दावा त्यातून सरकार करत नाही. हे वाक्य सेंद्रियच्या प्रत्येक फळीवर लावावं असं मला वाटतं. शिक्का पद्धतीचा असतो. शेतात काय वापरलं आणि काय वापरलं नाही, एवढंच तो सांगतो.

भारतात वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून लागू झाला, तो मुख्यतः निर्यातीसाठी. ‘इंडिया ऑरगॅनिक’ हा शिक्का त्याचा. यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते. हंगामी पिकांसाठी दोन वर्षं आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षं जमीन सेंद्रिय पद्धतीखाली ठेवावी लागते. लहान शेतकऱ्याला हा खर्च झेपत नाही, म्हणून कृषी मंत्रालयाने २०११ साली ‘पीजीएस-इंडिया’ सुरू केलं. यात गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे रूपांतर सुरू आहे, ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे ते पूर्ण झालं आहे. देशातल्या ग्राहकासाठी एफएसएसएआयने २०१७ साली नियम केले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणलं.

मग खाणाऱ्याला फायदा किती?

आजवरचा अभ्यास थोडक्यात असा.

*पोषण:* २००९ साली ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला. पोषणमूल्यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. २०१४ साली न्यूकॅसलच्या गटाने ३४३ शोधनिबंध एकत्र केले. सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. त्याने माणसाच्या तब्येतीत किती फरक पडतो, हे त्यावरून सांगता येत नाही.

*कीटकनाशकांचे अंश:* इथे फरक नक्की आहे. सेंद्रिय मालात ते कमी वेळा सापडतात. अमेरिकेत २३ शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय आहार दिला, तेव्हा त्यांच्या लघवीतले ऑर्गॅनोफॉस्फेटचे अंश झपाट्याने खाली आले.

*कॅन्सर:* २०१८ साली फ्रान्समधल्या सुमारे ६९,००० लोकांच्या अभ्यासात सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी दिसलं. पण ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या २०१४ च्या अभ्यासात एकूण कॅन्सरमध्ये घट दिसली नव्हती. फ्रान्समधले सेंद्रिय खाणारे लोक जास्त शिकलेले, सडपातळ, भाज्या जास्त आणि सिगारेट कमी, असेही होते. संशोधकांनी आकडेमोडीत याचा विचार केला, तरी असे फरक पूर्ण पुसता येत नाहीत.

आणि दोन इशारे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. वनस्पतीच्या मुळांतून मिळणारं रोटेनोन एकेकाळी सेंद्रिय शेतीत चालायचं. २००० साली उंदरांत त्याने पार्किन्सनसारखी लक्षणं निर्माण केली. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आजही सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालतं, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचं संयुगच. दुसरं, सेंद्रिय म्हणजे जंतुमुक्त नव्हे. २०११ साली जर्मनीत एका सेंद्रिय शेतातल्या मोडांमुळे ई. कोलायची साथ पसरली. साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि पन्नासच्या वर दगावले. संशय गेला तो परदेशातून आणलेल्या मेथीच्या बियांवर.

खरेदीला जाल तेव्हा

१. पाकिटबंद मालावर ‘ऑरगॅनिक’ हा नुसता शब्द पाहू नका. ‘जैविक भारत’, ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस’ यांपैकी चिन्ह, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक शोधा.

२. ‘नॅचरल’, ‘गावरान’, ‘फार्म फ्रेश’ या शब्दांना सेंद्रिय प्रमाणपत्राचा आधार नसतो. आवडलं तर घ्या, पण ते सेंद्रिय समजून जादा पैसे देऊ नका.

३. ‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे सेंद्रिय नव्हे. यात औषधं वापरतात, पण फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस जाऊ देतात, म्हणजे अंश मर्यादेखाली राहतात. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश सापडले आणि बागायतदारांना जबर फटका बसला. निर्यातीच्या द्राक्षांसाठी होते तशी काटेकोर तपासणी आपल्या घरच्या भाजीलाही मिळावी, ही मागणी आपण ग्राहकांनीच करायला हवी.

४. थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर. त्याच्याकडे शिक्का नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला विचारा: किडीला काय मारता? खत कुठलं? शेत बघायला येऊ का? खरा शेतकरी या प्रश्नांनी खूश होतो.

५. पैसे मोजकेच असतील तर सालासकट खायच्या फळांवर आणि पालेभाज्यांवर खर्च करा. केळी, नारळ, कांदा, मटार यांचं साल आपण काढूनच टाकतो. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांना प्राधान्य द्या.

६. भाजी सेंद्रिय असो वा साधी, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पृष्ठभागावरचे अंश बरेच कमी होतात. आत शोषलेले जात नाहीत. दूध उकळा आणि मोड आलेली कडधान्यं शक्यतो वाफवून खा.

७. सेंद्रिय गुळानेही रक्तातली साखर वाढते. मधुमेह असेल तर पाकिटावरचा शिक्का तुम्हाला सूट देत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सेंद्रिय परवडत नाही म्हणून पालेभाज्या अजिबात बंद करू नका. भाज्या-फळं भरपूर खाण्याचा फायदा अनेक मोठ्या अभ्यासांतून वारंवार दिसला आहे. साध्या भाजीतल्या अंशांचा धोका त्या फायद्यापुढे लहान आहे. कुन्नूरच्या उंदरांनीही तेच सांगितलं होतं: आधी ताटात भाजी, डाळ, दूध आणि पूर्ण धान्य असू द्या.

आणि परवडत असेल तर सेंद्रिय जरूर घ्या. मात्र त्याला औषधाची गोळी समजू नका. तुम्ही मोजता ते जादा पैसे एका मातीसाठी आणि हातात विषाचा पंप न घेता शेत कसणाऱ्या माणसासाठी आहेत. हॉवर्ड आणि वाड यांनी इंदूरला काम सुरू केलं ते मातीसाठीच होतं, आणि या शब्दाचा तेवढा अर्थ आजही शंभर टक्के खरा आहे.